चोडणच्या खारफुटीत होडीची फेरी: घड्याळ नको, पंचांग बघा

दोन वर्षांपूर्वी गोव्यात, चोडण बेटालगतच्या मांडवीच्या याच पाण्यावर मी एकदा फसले होते. इंजिनाच्या बोटीत बारा जण कोंबलेले, वर स्पीकर चालू आणि 'मगर दाखवतो' असा वायदा. तासाभरात बगळे सहा, कावळे अगणित, आणि घरी आल्यावर डोकेदुखी. कंपनीचं नाव घेत नाही, दोष थोडा माझाही होता. भर दुपारी अकराला कोण पक्षी बघायला जातं?

या वेळी बेत आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आखला. त्यांचं लहानपण शेजारच्या दिवाडी बेटावरचं. आजोबा खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, मानस (पाणी आत-बाहेर सोडायची झडप) सांभाळायचे, त्यामुळे भरती-सुकती त्या घरात जेवणाच्या वेळेसारखी पाठ. आप्पांचा हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. दशमी असेल तर दहा गुणिले पाऊण, साडेसात. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण होडीसाठी तेवढं चालतं. "पूर्ण पाण्यावर आत शिरायचं आणि चिखल उघडा पडायला लागला की बाहेर यायचं," एवढंच ते म्हणाले.

तर पौषातल्या दशमीला पहाटे आम्ही डिचोलीहून मयेमार्गे गाडीनेच चोडणला पोचलो. (पणजीकडच्यांना रायबंदरची फेरीबोट सोयीची, धक्क्यावर उतरलं की अभयारण्य चालत जाण्याइतकं जवळ.) आप्पा, मी आणि बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगा. नावाडी गावातलाच, होडी वल्ह्याची. तिघांचे हजार घेतले, घासाघीस केली नाही.

डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य तसं इवलंसं, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर. सलीम अली 1987 मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी बेटाच्या या पश्चिम टोकाला त्यांचं नाव मिळालं. आत पायवाट आहे आणि ती चांगली आहे. गुडघे कुरकुरत असतील तर तीच धरा. पण वाटेवरून खारफुटी बाहेरून दिसते, होडी तुम्हाला तिच्या पोटात नेते. दशमीला उधाण नसतं, तरी लहान होडीपुरतं पाणी होतं. डोक्यावर कांदळाच्या फांद्या आणि त्यांना लोंबणाऱ्या, शेवग्याच्या वाटाव्यात अशा शेंगा. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि मग मोड आलेलं खाली पडतं. भाच्याने एक शेंग पाण्यात तरंगताना पाहिली आणि पुढची दहा मिनिटं पक्ष्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग नावाड्याने वल्हं आडवं धरलं. "बाये, हालनाका. तो पळय." (हलू नका, तो बघा.) हातभर अंतरावर नाही म्हणता येणार, पण दहाएक हातांवर, आडव्या मुळावर खंड्या बसलेला. निळसर-हिरवी पाठ, पोट पांढरंशुभ्र, मानेभोवती पांढरी पट्टी. पक्षीवाले ज्याला कॉलर्ड किंगफिशर म्हणतात तो. पश्चिम किनाऱ्यावर हा मोजक्याच खाड्यांत दिसतो, म्हणून लोक लांबून इथे येतात. आम्ही श्वास धरून बसलो. त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली झेप घेतली, खेकडा उचलला, मुळावर आपटला आणि गिळला. इंजिन असतं तर तो केव्हाच पलीकडच्या काठाला गेला असता.

परतताना पाणी उतरू लागलं होतं. तिवरांची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आली, आणि त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, टुणटुण उड्या मारायला लागल्या. एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवत बसलेले, जणू पंचायतीत हात वर करतायत. तुतवार चिखलावर शेपूट नाचवत आला. पाण्याच्या कडेला करडा समुद्र बगळा एका पायावर उभा होता, आणि वरून कैकर नावाचा शिकारी पक्षी एक मासा पायात धरून गेला, माशाचं तोंड पुढे ठेवून, विमानासारखं. ब्राह्मणी घारी तर मोजल्याच नाहीत.

मगर दिसली नाही. भाचा रुसला. आप्पांनी त्याला कुंभारजुव्याच्या कालव्याकाठची मानगें थापणी सांगितली, शेतकरी चिखलाची मगर करून कशी पूजतात ते, आणि तो घरी येईपर्यंत अंगणात मगर थापायची आखणी करत होता.

तक्रारी दोन. लाइफ जॅकेटच्या एका बकलाने दम सोडलेला होता, सुतळीने बांधून घेतलं. बसण्यापूर्वी बघून घ्या. आणि डास. ओडोमॉस नेलं नव्हतं, चूक आमचीच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, तेव्हा पाहुणे पक्षी असतात. भडक कपडे नकोत, दुर्बीण असेल तर उत्तम. आदल्या दिवशीच नावाड्याशी बोलून घ्या, आणि वेळ त्याला विचारण्याआधी तिथी बघा. आम्ही माघातली दशमी धरली आहे. या खेपेला आई पण येतेय, तेव्हा होडी थोडी मोठी लागेल.