ओकच्या रोपासाठी १.२ मीटरची ट्री ट्यूब: घ्यावी का?

हरणं आणि ससे फिरतात तिथे ओकचं रोप उघड्यावर लावणं म्हणजे त्यांच्यापुढे चारा टाकणं. शेंडा एकदा खुडला गेला की रोप बाजूला फुटवे काढतं आणि वर्षानुवर्षं झुडूप होऊन बसतं. त्यावरचा उपाय म्हणजे ही अर्धपारदर्शक प्लास्टिकची नळी. ब्रिटनमध्ये १९७९ साली ग्रॅहॅम ट्युली यांनी ती पहिल्यांदा वापरून पाहिली, म्हणून तिला 'ट्युली ट्यूब' असंही म्हणतात.

रोप वाचवण्याच्या कामात ही नळी पूर्ण गुणांची आहे. आतली हवा उबदार आणि दमट राहते, त्यामुळे शेंडा भराभर वर चढतो. पण उंची आधी येते, जाडी मागे राहते. नळीतल्या खोडाला वाऱ्याचे हेलकावे मिळत नाहीत, म्हणून ते बारीकच राहतं. घाईने नळी काढली तर रोप मान टाकतं.

उंची प्राणी पाहून निवडा. नुसते ससे असतील तर ६० सेंटिमीटर पुरते, लहान रो हरणांना १.२ मीटर लागते, फॅलो हरणं असतील तर १.५ मीटर. इथे काटकसर केली की नळीतून शेंडा बाहेर आला रे आला, की हरीण तो खातं.

लावताना नळीचं खालचं टोक दोन-तीन सेंटिमीटर मातीत दाबा. फट राहिली तर व्होल, म्हणजे आखूड शेपटीचे छोटे उंदीर, आत शिरतात, सुक्या गवताचं घरटं करतात आणि बुंध्याची साल गोलाकार कुरतडतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आत रोप मेलेलं असतं. आधाराची काठी नळीच्या बाहेर ठोका आणि तिचं डोकं नळीच्या तोंडापेक्षा खाली ठेवा. वर राहिली तर वाऱ्यात खोड तिच्यावर घासून साल सोलवटते. नळीचं तोंड बाहेर वळवलेलं आहे ना, हे घेतानाच बोट फिरवून पाहा. सरळ कापलेली धार कोवळ्या सालीत रुतते.

सोबत मिळणारी जाळी पक्षी आत पडू नयेत म्हणून असते, ती जरूर बसवा. मात्र शेंडा जाळीला टेकायच्या आत ती काढायची, नाहीतर शेंडा तिच्यात अडकून वाकडा होतो. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. दुसरी चूक तणाची. नळी बसवली म्हणजे काम संपलं असं नाही. रोपाभोवती मीटरभर व्यासाची जागा पहिली दोन-तीन वर्षं तणमुक्त हवीच, कारण गवत पाणी पळवतं. नळीच्या आत उगवलेलं तणही हाताने उपटावं लागतं.

एवढी खटपट कशासाठी? ब्रिटनमधल्या दोन देशी ओकच्या आधाराने सुमारे २,३०० जातींचे जीव राहतात, आणि त्यातल्या ३२६ जाती फक्त ओकवरच जगतात. विंटर मॉथ या पतंगाच्या अळ्या कोवळी पानं खातात, त्याच अळ्यांवर ब्लू टिट हा छोटा पक्षी आपली पिल्लं वाढवतो. पान उलटं करून पाहा: डाळीएवढ्या चपट्या गाठी दिसतील. त्या गांधीलमाशीच्या एका इवल्याशा नातेवाइकाने घडवलेल्या असतात, आणि प्रत्येकीत एक अळी असते.

नळीचा खरा दोष शेवटी दिसतो. चांगल्या नळीला उभी कमकुवत रेघ असते, खोड जाड झालं की ती तिथून फाटते. पण फाटली म्हणजे नाहीशी झाली असं नाही. उन्हाने ठिसूळ झालेल्या प्लास्टिकचे तुकडे जंगलातच पडून राहतात. खोड स्वतःच्या बळावर उभं राहू लागलं की नळी कापून, बांधायच्या पट्ट्यांसकट परत न्या. पट्टी विसरली तर ती सालीत रुतत जाते.

हरणं फारशी नसतील तर नळी घेऊच नका. 'जे' (jay) नावाचा पक्षी हिवाळ्यासाठी ओकची बियाणी पुरून ठेवतो आणि त्यातली बरीच तशीच राहून जातात. ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाच्या काट्यांआड उगवलेली अशी रोपं विनासायास मोठी होतात.