ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप: लॉ फर्मच्या आयटी विभागातून

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे न्यायालयीन प्रकरणांची माहिती आणि तारखा दाखवणारे विनामूल्य सरकारी ॲप वकील आणि पक्षकार यांच्यासाठी तयार झाले असले, तरी मोठ्या लॉ फर्ममध्ये त्याची खरी परीक्षा आयटी विभागात होते, कारण शेकडो प्रकरणांच्या तारखांची यादी अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी तिथे येऊन पडते.

ॲपचा पाया म्हणजे सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक. सोळा अक्षरांकांच्या या क्रमांकात आधी राज्य, मग जिल्हा, मग न्यायालय, त्यानंतर सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष येते. एमएचपीयू अशी सुरुवात दिसली की प्रकरण पुण्याचे, हे सरावाने लगेच कळते. क्रमांक टाकताच पुढील तारीख, मागील तारखांचे कामकाज आणि उपलब्ध असल्यास आदेशाची पीडीएफ समोर येते. एरवी ज्या माहितीसाठी कारकुनाला न्यायालयात जाऊन बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहावा लागे, ती बसल्या जागी मिळते, ही फार मोठी सोय आहे. यामागची मूळ संगणक प्रणाली एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) पुणे केंद्रात मुक्त सॉफ्टवेअरवर उभी राहिली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

उणीव आहे ती सामायिक वापराची. आपण जपून ठेवलेली प्रकरणे त्या एकाच फोनवर राहतात. दुसऱ्या सहकाऱ्याला द्यायची तर यादीची फाईल निर्यात करून त्याच्या फोनवर आयात करावी लागते. एखाद्या वकिलाने नवे प्रकरण जोडले, तर ते बाकीच्यांच्या यादीत आपोआप येत नाही. त्यामुळे फर्मला स्वतःची मध्यवर्ती नोंद ठेवावीच लागते. शिवाय न्यायालयातील नोंद उशिरा अद्ययावत झाली, तर ॲपवर जुनीच तारीख दिसते. म्हणून महत्त्वाच्या प्रकरणात आदल्या संध्याकाळी बोर्ड स्वतंत्रपणे तपासणे आम्ही सोडलेले नाही. सर्वोच्च न्यायालय आणि एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) यांची संकेतस्थळे वेगळी असल्याने तिथली माहितीही वेगळी गोळा करावी लागते.

लॉ फर्ममध्ये आयटीची नोकरी करू इच्छिणाऱ्यांनी हे ॲप आधी नीट हाताळावे, असे मी आग्रहाने सुचवतो. सर्व्हर आणि नेटवर्क येणारी माणसे मिळतात. वकीलपत्र (वकील नेमल्याचा कागद), कॅव्हेट (आपले ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा आगाऊ अर्ज) आणि रोजनामा (तारखेच्या कामकाजाची नोंद) यांतला फरक जाणणारी फार थोडी भेटतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचे हॅश मूल्य (फाईलमध्ये बदल झाला का, हे ओळखणारा सांकेतिक क्रमांक) द्यावे लागते आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, त्यामुळे अशा माणसांची गरज आता पुराव्याच्या कामातही भासते.

एकट्या वकिलासाठी मी या ॲपला पाचपैकी साडेचार गुण देईन, फर्मसाठी तीन. सर्वांना एकाच वेळी दिसणारी सामायिक यादी मिळाली, तर फर्मसाठीचे गुणही तितकेच होतील.