विनाशुल्क आराखडा, दोन वर्गखोल्या आणि पहिला पावसाळा

औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मी मुख्याध्यापिका. पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आमच्या. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असूनही दहानंतर मुलांना आत बसवत नसे, मग लिंबाखाली वर्ग. पुण्याच्या एका आर्किटेक्ट फर्मने सामाजिक बांधिलकी म्हणून एक पैसाही न घेता नव्या खोल्यांचा आराखडा करून दिला. बांधकामाचा खर्च एका कारखान्याच्या सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, निधीतून झाला. केंद्रातले शिक्षक सारखे विचारतात, "मॅडम, अनुभव कसा?" म्हणून लिहिते.

फर्मलाही असं काम कायद्याने करावंच लागतं, असा माझाच एक गैरसमज होता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. पण त्यासाठी वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा, १००० कोटींची उलाढाल किंवा ५०० कोटींचं नक्त मूल्य, यातलं एक तरी लागतं. आर्किटेक्टची बहुतेक ऑफिसं यात बसतच नाहीत. म्हणजे त्यांनी दिलेले दिवस सक्तीचे नव्हते, मनाने दिलेले होते. हे मला फार मोठं वाटतं.

आलेली आर्किटेक्ट पंचविशीतली. पहिल्या दिवशी ती टेप घेऊन पहिलीच्या मुलांत जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, इथून यांना नुसती भिंत दिसते." नव्या खोल्यांच्या खिडक्या तिने दोन फुटांवर घेतल्या. वीस वर्षं मी त्या वर्गात उभी राहून शिकवलं, मला हे कधी सुचलं नव्हतं.

भिंती रॅट ट्रॅप पद्धतीच्या. विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर लावायच्या, मध्ये पोकळी राहते. विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात आणि उष्णता आत कमी येते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. पण पोकळ भिंत म्हटल्यावर व्यवस्थापन समितीतले एक आजोबा उठूनच उभे राहिले. किल्लारी आमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट त्यांनी पाहिलेली. त्या मुलीने दोन तास समजावलं : तेव्हा पडल्या त्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, डोक्यावर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छपराचं, ओझं. इथे जोत्यावर, खिडक्यांच्या वर आणि स्लॅबखाली काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांच्या पोकळीत उभ्या सळ्या. आजोबांनी सळ्या टाकताना स्वतः उभं राहून मोजल्या. मिस्त्रीला ही पद्धत नवी होती, पहिल्या दिवशी पोकळीत मसाला पडत राहिला. तिने सगळी भिंत उतरवायला लावली आणि फळी आडवी धरून कसं लावायचं ते करून दाखवलं.

एप्रिलमध्ये आता साडेअकरापर्यंत मुलं आत बसतात.

आता तक्रार. उद्घाटनाला फर्मचे मालक आले, फोटो झाले, फलक लागला. जूनच्या दुसऱ्या पावसात जुन्या आणि नव्या इमारतीच्या सांध्यातून पाणी उतरलं, तिसरीच्या दप्तरांवर. मी फोन केले, मेल केली. "बघतो" एवढंच उत्तर. ऑगस्टच्या शेवटी माणूस आला. सांध्यावर पत्र्याची झाकपट्टी हवी होती, नकाशात ती होती, कामात राहून गेली होती. अर्ध्या दिवसाचं काम, त्यासाठी अडीच महिने. पैसे देणाऱ्या गिऱ्हाईकाला यांनी इतकं थांबवलं असतं का? याचा मला अजून राग आहे. फुकट दिलेल्या कामालाही पहिला पावसाळा सांभाळायची जबाबदारी असतेच.

तरीही पाचात चार देईन. ज्या शाळांना अशी मदत मिळणार आहे त्यांनी दोन गोष्टी करा. पहिल्या दोन पावसाळ्यांची देखभाल करारात लिहून घ्या. आणि नकाशांचा कागदी संच मागून घ्या. आमचा कपाटात आहे. मागच्या महिन्यात पंखे बसवायला आलेल्या वायरमनने तो पाहूनच भोक कुठे पाडायचं ते ठरवलं.