हेडलायनर येणारच नव्हता: बँडच्या गळ्यात तिकिटांचा गठ्ठा मारणाऱ्यांपासून सावध राहा

लहान मेटल बँडमध्ये वाजवणाऱ्या कुणाला "बाहेरचा मोठा बँड येतोय, त्यांच्या आधी तुमचा सेट लावतो" असा मेसेज आला असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. एका आयोजकाने नेमक्या याच वाक्यावर आम्हाला आणि आमच्यासारख्या आणखी काही बँडना गंडवलं. चौकशी चालू असल्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सगळी सांगतो, कारण ही पद्धत वापरणारा तो एकटाच नाही.

मी बँडमध्ये बेस वाजवतो. तारखा ठरवणं, आयोजकांशी बोलणं, सामानाची यादी पाठवणं हेही माझ्याचकडे असतं. त्यामुळे हा माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्याशीच बोलत होता.

आणि बोलायला तो फार चांगला होता. मेटलचा इतिहास त्याला तोंडपाठ होता. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं कशी गेली, त्याने बोटांवर टोप्या बसवून आणि तारा सैल करून कसं वाजवलं, ब्लॅक सॅबथचा जड आवाज त्यातून कसा घडत गेला, हे तो रंगून सांगायचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचं थ्रॅश (मेटलचा वेगवान प्रकार), एक्सोडससारखे बँड, कॅसेट कॉपी करून टपालाने एकमेकांना पाठवणारी पोरं, सगळं त्याला माहीत होतं. "मोठे झालेले सगळे आधी लोकलच होते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. यातलं काहीही खोटं नव्हतं. तो आमच्यातलाच एक वाटायचा आणि त्याचं सगळं काम या वाटण्यावरच चालायचं. मेटल ऐकणारी माणसं कुठेही थोडीच असतात. समोरच्याच्या अंगात योग्य टी-शर्ट असला आणि तोंडात योग्य नावं असली की अर्धी ओळख तिथेच होते.

प्रस्ताव असा होता. एक परदेशी डेथ मेटल बँड दौऱ्यावर आहे, दोन तारखांच्या मध्ये त्यांचा एक दिवस मोकळा आहे, त्या दिवशी ते इथे वाजवतील आणि आधी स्थानिक बँड वाजवतील. प्रत्येक बँडने तिकिटांचा एक गठ्ठा घ्यायचा, पूर्ण रक्कम आगाऊ भरायची आणि तिकिटं विकून ती वसूल करायची. जो बँड मोठा गठ्ठा घेईल, त्याचा सेट हेडलायनरच्या, म्हणजे शेवटी वाजवणाऱ्या मुख्य बँडच्या, अगदी आधी. याचा परिणाम काय होतो ते पाहा. एकमेकांच्या गिगला पहिल्या रांगेत उभे राहणारे, वेळेला एकमेकांना केबिनेट (गिटारच्या स्पीकरचं खोकं) आणि सिंबल (ड्रमच्या धातूच्या थाळ्या) देणारे बँड एकमेकांवर बोली लावू लागले.

पैसे भरून वाजवण्याचा हा प्रकार नवा नाही. ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर ग्लॅम मेटल जोरात होतं, तेव्हा तिथल्या क्लबांत तो राजरोस चालायचा. स्टेज हवं तर आधी तिकिटं विकत घ्या. ब्रिटनमधली संगीतकारांची संघटना, म्युझिशियन्स युनियन, अशा करारांना उघड विरोध करते. स्थानिक बँडने तिकिटं विकण्यात मुळात वाईट काही नाही. सरळ आयोजक तिकिटं तुमच्याकडे विकायला ठेवतो, विकली तेवढ्यांचे पैसे घेतो, उरलेली परत घेतो आणि विक्रीतला वाटा देतो. प्रश्न आगाऊ पैशांचा आहे.

का, ते नीट समजून घ्या. एरवी शो लावणारा स्वतःचे पैसे अडकवतो. हेडलायनरला मानधनाचा मोठा भाग, बऱ्याचदा निम्मा, आधी पाठवावा लागतो. ती रक्कम पोचेपर्यंत शो जाहीर करू नका, अशी अटही एजंट घालतात. त्यावर हॉल, साउंड आणि लाइटचा खर्च. हॉल रिकामा राहिला तर बुडणारा तोच असतो, म्हणून तो पोस्टर लावत फिरतो, लोक आणतो. इथे बँडच्या पैशांतच त्याचा नफा आधी निघालेला असतो. त्यानंतर लोक आले काय, न आले काय, हेडलायनर आला काय, न आला काय, त्याला कशानेच फरक पडत नाही. उलट हेडलायनर न येण्यातच त्याची बचत.

पैसे देण्याआधी मी लेखी पुरावा मागितला होता. त्याने पत्र पाठवलं. वर बँडचा लोगो, खाली एजंटची सही, मध्ये तारीख आणि सेटची वेळ. ते पत्र साफ बनावट होतं, हे त्या बँडच्या खऱ्या एजन्सीने आम्हाला नंतर कळवलं. अशा कुठल्याही शोचा प्रस्ताव त्यांच्याकडे कधी गेलाच नव्हता. तुमच्यावर ही वेळ आली तर एक करा. पत्रावरच्या पत्त्यावर किंवा नंबरवर विचारूच नका. बहुतेक बँडच्या अधिकृत वेबसाइटवर बुकिंग एजंटचा पत्ता असतो, तिथे दोन ओळी लिहा. हॉललाही स्वतः फोन करा आणि "तारीख पक्की आहे का, आगाऊ रक्कम भरली आहे का" असंच विचारा. तारीख धरून ठेवणं वेगळं आणि पक्की करणं वेगळं. धरून ठेवायला हॉलवाले बऱ्याचदा एक पैसाही घेत नाहीत. आमच्या बाबतीत हॉलच्या वहीत त्या तारखेसमोर पेन्सिलीने एक आडनाव लिहिलं होतं, तेवढंच. ऐनवेळी त्याने त्याच इमारतीतली खालची, सभा-समारंभांची खोली भाड्याने घेतली.

आता त्या गोष्टीबद्दल, जी प्रत्येक बँडने ओळखायला शिकलीच पाहिजे.

मी त्याला आमची इनपुट लिस्ट (मिक्सरला काय काय जोडायचं त्याची यादी) आणि स्टेज प्लॉट (स्टेजवरच्या जागांचा नकाशा) पाठवला होता. ड्रमला आठ चॅनेल, बेसची लाइन, दोन गिटार, दोन व्होकल, कोण कुठे उभं राहणार, कुणाला मॉनिटरमध्ये, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, काय हवं. उत्तरात अंगठ्याचं चित्र आलं. पुन्हा विचारलं तर म्हणाला, "सगळं होतंय." खरा शो लावणारा माणूस असं बोलत नाही. तो तुम्हाला भंडावून सोडतो. ड्रमचा सेट सगळ्यांत एकच वापरणार ना? स्नेअर, सिंबल, पेडल आपापले आणणार ना? ड्रमरला डबल पेडल लागतो की दोन किक (पायाने वाजवायचे मोठे ड्रम)? अँप हेड (आवाज वाढवणारं यंत्र) कुणाचं, केबिनेट किती ओमची? दोन बँडच्या मधल्या अदलाबदलीला पंधरा मिनिटं पुरतील का? आवाज किती वाजता बंद करायचा आहे? विमानाने येणारे बँड बहुतेक गिटार, सिंबल, पेडल तेवढे सोबत आणतात. अँप आणि ड्रम तिथेच भाड्याने घ्यावे लागतात. म्हणून त्यांच्या राइडरमध्ये, म्हणजे आयोजकाला पाठवलेल्या मागण्यांच्या यादीत, हेड कुठलं, केबिनेट कुठली, इथपर्यंत लिहिलेलं असतं आणि त्या यादीसाठी आयोजकाची आठवडाभर धावपळ चालते. तो राइडर आम्हाला एकदाही दिसला नाही. अँपविषयी कुणी एक प्रश्न विचारला नाही. चौकशी व्हायची ती फक्त किती तिकिटं गेली याची.

शोच्या आदल्या रात्री मेसेज आला. हेडलायनरला व्हिसाची अडचण आली आहे, स्थानिक बँडचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल, तिकिटांचे पैसे परत मिळणार नाहीत. व्हिसाची अडचण दौऱ्यांवर खरोखर येते, त्यामुळे ही थाप सहज पचते.

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन पोचलो. खोलीत स्टँडवर उभे केलेले दोन स्पीकर, एक छोटा मिक्सर, दोन माइक. मॉनिटर नाहीत. किकसमोर ठेवायला माइक नाही. गिटारचे अँप लहान खोलीत एकवेळ स्वतःच्या दमावर ऐकू जातात. व्होकल आणि किक जात नाहीत. मेटलमध्ये किकचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू यावा लागतो, तो माइक आणि मोठ्या स्पीकरशिवाय येत नाही. डबल पेडल वेगात सुरू झाला की नुसती घरघर राहते. पहिल्या बँडची गायिका घसा ताणून गात होती आणि तिसऱ्या रांगेत तिचे फक्त ओठ हलताना दिसत होते. आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा मिक्सरवरचा लाल दिवा विझतच नव्हता. दुसऱ्या गाण्यात एक स्पीकर फाटल्यासारखा वाजू लागला, मग बंदच पडला. तरीही आलेली पोरं पुढे येऊन डोकी हलवत राहिली. त्या पोरांचा मला आजही अभिमान वाटतो आणि त्यांना असं वागवलं गेलं याची चीड जात नाही.

साउंडवाला बिचारा घामाघूम झाला होता. मी त्याच्याशी बोलायला गेलो तेव्हा त्याने सरळ फोन काढून त्याला आलेली ऑर्डर दाखवली: "छोटा कार्यक्रम, दोन माइक, स्पीकरची एक जोडी." मेसेजची तारीख पाहिली. व्हिसाचा निरोप येण्याच्या कितीतरी आधीची होती. तेव्हा तर पोस्टरवर त्या परदेशी बँडचा फोटो झळकत होता आणि आमच्याकडून गठ्ठ्यांचे पैसे घेणं चालू होतं. दोन माइकवर डेथ मेटलचा हेडलायनर कुणीही उभा करत नाही. तो बँड येणार नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्याचा लेखी पुरावा साउंडवाल्याच्या फोनमध्ये होता. त्या मुलालाही अजून पैसे मिळालेले नाहीत.

पुढे अपेक्षेप्रमाणेच झालं. लोकांनी तिकिटं आमच्याकडून घेतली होती, म्हणून ते आमच्याकडे आले, आणि ते बरोबरच होतं. आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक तिकिटाचे पैसे आम्ही खिशातून परत केले. आयोजक म्हणाला, "कार्यक्रम तर झाला ना?" म्हणूनच तर त्याने स्थानिक बँडना स्टेजवर चढवलं होतं. काहीच झालं नसतं तर फसवणूक उघडी पडली असती. आम्ही वाजवलं, की त्याला कार्यक्रम झाला म्हणायला मोकळीक. नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

सगळ्या बँडनी मिळून पोलिसांत तक्रार दिली आहे. तिथे आमच्या रागाचा काही उपयोग नव्हता, कागदांचा झाला: बँकेतून पैसे गेल्याच्या नोंदी, एजन्सीचा ईमेल, साउंडवाल्याला आलेली ऑर्डर, हॉलच्या वहीचा फोटो. एका बँडने रोख पैसे दिले होते. त्यांच्याकडे पावती नाही आणि त्यांची रक्कम सिद्ध करणं फार जड जातंय.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण असं की त्याच पद्धतीचं नवं पोस्टर फिरतंय. पेजचं नाव वेगळं, हेडलायनर वेगळा, पण तिकिटांच्या गठ्ठ्यांची अट शब्दन् शब्द तीच. तिथे नाव दिलेल्या एका बँडने मला विचारलं, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं की आधी हेडलायनरचा राइडर मागा आणि त्यांच्या वेबसाइटवरच्या एजंटला लिहा. एजंटचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: अशी कुठलीही तारीख ठरलेली नाही. तो बँड बाहेर पडला आहे. बाकीच्यांपैकी कुणी पैसे भरले असतील तर व्यवहाराच्या नोंदी आणि सगळे मेसेज आजच्या आज जपून ठेवा, पेज गायब व्हायच्या आत पोस्टरचा स्क्रीनशॉट काढा आणि आमच्याशी बोला. चालू तक्रारीत तुमचे जबाब जोडून घ्या, अशी विनंती आम्ही पोलिसांना करणार आहोत.