रिपोर्टमध्ये गडबड आहे, मॅडम

मी कोथरूडला दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. ओटीपी कुणाला सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, हे मला चांगलं ठाऊक होतं. सोसायटीच्या ग्रुपवर असले मेसेज पुढे पाठवणाऱ्यांतली मीच. तरी मागच्या वर्षी एका शनिवारी दुपारी, बावीस मिनिटांच्या एका फोनपायी, माझ्या खात्यातून २ लाख ६४ हजार रुपये गेले. ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो.

सुरुवात जूनमध्ये झाली. डाव्या बाजूला गाठ लागली. सोनोग्राफी झाली, मग डॉक्टरांनी एफएनएसी सांगितली, म्हणजे सुई घालून पेशी काढतात आणि तपासतात ती. घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं. सासूबाईंची धाकटी बहीण याच आजाराने गेली, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत त्यांना काही बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं. रिपोर्ट मोबाईलवर मेसेजमधल्या लिंकने आला. साधी गाठ, काळजीचं कारण नाही. मी दशभुजा गणपतीला जाऊन आले आणि विषय संपला. सासूबाईंना नंतरही सांगितलं नाही, कारण आता सांगून तरी काय.

सप्टेंबरातला दुसरा शनिवार. एकची बॅच सुटली होती, जेवणं झाली होती, सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. सव्वादोनला फोन आला. बाईचा आवाज, मराठी स्वच्छ, जराही घाई नाही. तिने लॅबचं नाव सांगितलं, माझं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाली, "तुमची जूनमध्ये एफएनएसी झाली होती, डाव्या बाजूची. बिल २,८०० रुपये, यूपीआयने भरलंत. बरोबर ना?" डॉक्टरांचं नावही तिने बरोबर सांगितलं. मी हो म्हटलं. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, "जुन्या स्लाइड पुन्हा तपासायला घेतल्या होत्या. रिपोर्टमध्ये गडबड आहे, मॅडम."

पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

तिने माझ्याकडे काहीच मागितलं नाही, हे मी आजही लोकांना पुन्हा पुन्हा सांगते. मीच विचारत होते. कसली गडबड? कधी कळलं? डॉक्टरांना सांगितलंत का? ती शांतपणे म्हणाली, "फोनवर सांगायची आम्हाला परवानगी नाही. सुधारित रिपोर्ट आमच्या अ‍ॅपवर लॉक आहे. डॉक्टर मॅडम साडेतीनला निघतात, त्याआधी बघितलात तर मी त्यांना जोडून देते." व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आली, वर लॅबचं बोधचिन्ह. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे ती फाइल हेच अ‍ॅप. हे प्ले स्टोअरवरचं अ‍ॅप नाही, असं माझ्या फोनने मला स्पष्ट सांगितलं होतं. मी "तरीही इन्स्टॉल करा" दाबलं. त्या क्षणी फोनने भोंगा वाजवला असता तरी मी दाबलं असतं. मला तो कागद बघायचा होता.

अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, "कोड आपोआप घेण्यासाठी". दिली. मग ओळख पटवण्यासाठी पाच रुपये भरायला सांगितलं. बँक निवडली, माझ्या बँकेचं असतं तसंच पान उघडलं, मी यूजर आयडी आणि पासवर्ड टाकला. पाच रुपयांसाठी नेट बँकिंगचा पासवर्ड! विद्यार्थ्याने असं गणित सोडवलं असतं तर मी वही परत फेकली असती. त्यानंतर नुसतं चक्र फिरत राहिलं. ती बाई फोनवरच होती. "पाणी प्या मॅडम. बसून घ्या. घरी कुणी आहे का सोबत?" मला वाटलं, किती माया आहे हिच्या बोलण्यात. मी एकटी आहे की नाही हे ती तपासत होती.

बँकेचे मेसेज मला दिसले नाहीत. आले सगळे, पण ते अ‍ॅप ते परस्पर गिळत होतं आणि पुढे पाठवत होतं. मला कळलं ते अपघाताने. चाचणी परीक्षेचा पेपर टाइप करायला लॅपटॉप उघडा ठेवला होता आणि त्याच्यावर बँकेचा ईमेल टपकला, की आपल्या विनंतीनुसार आपली मुदत ठेव मुदतीपूर्वी बंद करण्यात आली आहे. बचत खात्यात ६४ हजारच होते, पण दोन लाखांची ठेव चोरांनी ऑनलाइन मोडली, खात्यात आणली आणि तिथून पाच हप्त्यांत बाहेर काढली.

मी फोन कापला. दुसऱ्या मिनिटाला आतल्या खोलीत सासूबाईंचा मोबाईल वाजला. त्या फोन कानाला लावूनच बाहेर आल्या. चेहरा पांढरा पडलेला. "कोण बाई आहे, तुझ्या गाठीचं विचारतेय. कसली गाठ?"

लॅबच्या फॉर्मवर दुसरा नंबर म्हणून मी त्यांचाच दिला होता. रक्त न्यायला मुलगा घरी येतो तेव्हा त्या कायम घरी असतात, म्हणून. पैशांचं दुःख आहेच, पण ती दुपार आठवली की मला आधी सासूबाईंचा तो चेहरा दिसतो.

पुढचा तासभर जे केलं ते थोडं नीट सांगते, कारण त्यातलं काही चुकलं आणि काही जमलं. मी आधी माझ्याच फोनवरून बँकेला फोन लावत बसले. तो फोन त्यांच्या ताब्यात होता, तेव्हा ही चूक. नवरा आला, त्याने माझा मोबाईल फ्लाइट मोडवर टाकला, वायफाय बंद केलं आणि स्वतःच्या फोनवरून १९३० लावला. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक. लगेच लागला नाही, चौथ्या वेळी लागला. तिकडच्या माणसाने विचारलं ते नेमकं होतं: खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची वेळ, रक्कम आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र ओळख क्रमांक. हा यूटीआर हाताशी नसल्यामुळे आमची दहा मिनिटं गेली. तो खात्याच्या स्टेटमेंटमध्ये प्रत्येक व्यवहारासमोर असतो. त्यावरून पैसा कुठल्या खात्यात गेला ते शोधून तिथेच रोखून धरायचा प्रयत्न करतात, आणि समोरचे तर मिनिटांत तो पुढच्या खात्यात ढकलत असतात. ती खाती बहुतेक भाड्याची. कुणा गरजवंताच्या नावावर उघडलेली, चालवणारे वेगळेच. आमच्यापैकी ९१ हजार एका खात्यात अडकून राहिले. बाकीचे तोवर निघून गेले होते.

त्याच संध्याकाळी सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली. सोमवारी आनंदनगरला मेट्रोत बसले, सिव्हिल कोर्टला बदलून शिवाजीनगरला उतरले आणि सायबर पोलीस ठाण्यात गेले. बाकावर माझ्या शेजारी एक निवृत्त इंजिनिअर होते, त्यांच्या पलीकडे आयटीतला एक मुलगा. दोघेही मान खाली घालून बसले होते. मला उगाच वाटत होतं की इथे फक्त भोळी माणसं येतात.

बँकेचं उत्तर छापील होतं. ओटीपी तुमच्याच नोंदणीकृत मोबाईलवर पाठवला होता, सबब जबाबदारी तुमची. तेव्हा लागू असलेलं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी बँकेतून परत आल्यावर वाचलं, जाण्याआधी वाचायला हवं होतं. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याच ठिकाणी असेल, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही, असं त्यात होतं. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि ग्राहकाची चूक सिद्ध करायचं ओझं बँकेवर होतं. पासवर्ड मीच टाकला होता, त्यामुळे माझी बाजू लंगडी, हे मी जाणते. पण आमचा शेवटचा व्यवहार १९३० वर तक्रार नोंदल्यानंतर अकरा मिनिटांनी झालेला होता. त्या ४० हजारांसाठी बँकेकडे लेखी तक्रार दिली. तीस दिवस गेले, काही नाही. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन अर्ज केला आणि ते ४० हजार परत आले. अडकलेले ९१ हजार कोर्टाच्या आदेशाने सुटले, त्याला सात महिने लागले. उरलेले १ लाख ३३ हजार गेले ते गेलेच.

आता लॅबकडे येते.

त्या बाईला एवढं सगळं कळलं कसं, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. दिवाळीत भाचा आला होता, तो संगणकातला. त्याने माझा जूनचा मेसेज उघडायला सांगितला. लिंकच्या शेवटी सहा आकडी क्रमांक होता. त्याने शेवटचा आकडा एकने वाढवला. दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट उघडला. एक्काहत्तर वर्षांचे गृहस्थ, साखर वाढलेली, मोबाईल नंबर, पत्ता, डॉक्टरांचं नाव, बिलाची रक्कम. आम्ही ते पान तत्काळ मिटलं, मला तर चोरी केल्यासारखं झालं. पासवर्ड नाही, कुलूप नाही. मी दहावीला अंकगणिती श्रेढी शिकवते. पहिलं पद माहीत असेल आणि सामान्य फरक १ असेल तर उरलेली सगळी पदं कुणीही काढेल. कुणीतरी काढली होती.

मी लॅबच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीला काही कळेना, व्यवस्थापक म्हणाले की आमचा सर्व्हर सुरक्षित आहे आणि फोन करणारी आमची नव्हती. खरं आहे, नव्हतीच. पण तिच्या हातातली यादी तुमची होती ना? घरी येऊन जुने ईमेल चाळले तेव्हा ऑगस्टमधला एक सापडला, न उघडलेला. जाहिरातींच्या मध्ये पडला होता. 'आमच्या प्रणालीत अनधिकृत प्रवेशाची शक्यता लक्षात आली असून आवश्यक ती पावलं उचलली आहेत.' काय गेलं, कुणाचं गेलं, आता आम्ही काय करायचं, यातलं एक अक्षर नाही. त्यात एवढं एकच वाक्य असतं, की तुमच्या तपासण्यांचा तपशील वापरून तुम्हाला फोन येऊ शकतात, तर मी त्या दुपारी निदान एकदा थांबले असते. आणि पावलं उचलली म्हणावं तर दिवाळीत ती लिंक उघडीच होती.

नियम नाहीत असं नाही. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था, तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल त्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे, आणि ज्याची माहिती फुटली त्याला कळवणंही बंधनकारक आहे. पण त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने दिलेत. माझी गाठ त्याच्या आधीची.

खरं सांगायचं तर अशा बातम्या मी वाचत आले होते. २०२१ मध्ये डॉमिनोजच्या १८ कोटी ऑर्डरचा तपशील फुटला, त्याच वर्षी एअर इंडियाच्या ४५ लाख प्रवाशांचा. तेव्हा मी जेवताना हसले होते, की आमच्या घरी कुठला पिझ्झा येतो हे कळून कुणाचं काय भलं होणार. फुटलेली माहिती कुणी चोरून ठेवून देत नाही, ती पुन्हा पुन्हा विकली जाते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पासवर्ड बदलला, खातं बदललं, मोबाईल पुसून नवा केला. जन्मतारीख कशी बदलू? आणि डावी बाजू?

कारण फोन अजून येतात. नोव्हेंबरात एकाने कॅन्सरचा विमा विकायचा प्रयत्न केला, "तुमची हिस्ट्री बघता" असं म्हणून. जानेवारीत कुणी वैद्य म्हणवणारे. "ताई, गाठीवर खात्रीचं औषध आहे, कापाकापी नको, चाळीस दिवसांचा कोर्स." त्यांना मी विचारलं, गाठ कुठे आहे? ते लगेच म्हणाले, "डाव्या बाजूला." माझ्या वर्गातल्या मुलांना पाढे येत नाहीत इतक्या पटकन. हे चोर माझे पैसे नेऊन थांबले असते तर बरं झालं असतं.

आता फोनवर कुणी माझं किती बरोबर सांगतं याकडे मी लक्षच देत नाही. उलट जितकं जास्त बरोबर, तितकी मी सावध होते. "तुम्ही ठेवा, मी पावतीवरचा नंबर लावते," एवढं म्हणते. खरी माणसं बरं म्हणतात. दुसरी चिडतात, नाहीतर घाई करतात.

सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी चहा देताना म्हणाल्या, "त्या बाईला सांगितलंस, मला नाही." मी काही सांगितलं नव्हतं, तिला आधीच माहीत होतं, हे मी त्यांना दोन-तीनदा समजावलं. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, देव जाणे. पण मागच्या महिन्यात वर्षाची तपासणी होती तेव्हा त्या पर्स घेऊन माझ्या आधी रिक्षात जाऊन बसल्या.

लॅब दुसरी होती. फॉर्मवरचा दुसऱ्या नंबरचा रकाना मी कोरा ठेवला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तो कंपल्सरी आहे, सिस्टीम पुढे जात नाही." मी म्हटलं, रिपोर्ट कागदावर द्या, मी येऊन नेईन, मेसेज पाठवू नका. तिने काहीतरी टाइप केलं आणि हो म्हणाली.

संध्याकाळी मेसेज आला. रिपोर्ट चांगला होता. लिंकच्या शेवटी सात आकडे होते. मी भाच्याला फोन लावला.