करटुल्याचे कंद: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

करटुली कशी लागतात हे बेळगावकरांना सांगण्याची गरज नाही. आषाढ-श्रावणात खानापूर-जांबोटीकडच्या बायका वाटे मांडून बसल्या की मराठी आणि कानडी दोन्ही घरांतल्या पिशव्या तिथे उघडतात. मुद्दा विकत आणलेल्या कंदांचा आहे, आणि ते घेण्याचे एकमेव कारण म्हणजे बाजारातला दर, जो ऐकल्यावर पाव किलोवरच हात आखडतो.

मेअखेरीस परसात शेणखत घालून कंद लावले. मृगाच्या पावसाने कोंब आले आणि बघता बघता वेली कुंपणाच्या तारेवर चढल्या. इथवर तक्रार नाही. जुलैत पिवळी फुले आली, तेव्हा सगळ्याच वेली नर असल्याचे उघड झाले. करटुल्यात नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. मादी फुलाच्या मागे मऊ काट्यांचे इवलेसे करटुले आधीपासूनच दिसते, नर फुलामागे मात्र नुसता देठ आणि फुलाला कवेत घेणारे एक रुंद पान. रोज संध्याकाळी फुले उमलली की प्रत्येक फूल उलटे करून पाहायचे आणि मागे देठच सापडायचा.

नुसता कंद पाहून नर-मादी ओळखता येत नाही, हे मान्य. परंतु ज्याच्या मळ्यात या वेली आदल्या हंगामात फुलल्या, त्याला कोणता कंद कोणत्या वेलीचा हे ठाऊक असलेच पाहिजे. खणताना चिठ्ठी बांधली की काम झाले. लागवडीत आठ-दहा मादी वेलींमागे एक नर पुरतो, म्हणजे जास्तीचे नर कंद हा उरलेला माल, आणि तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलेला. फोनवर उत्तर मिळाले, "निसर्गाचं आहे ते, आमच्या हातात काय?" पैसे घेताना निसर्ग आठवला नव्हता.

श्रावणात मात्र मत थोडे बदलावे लागले. शेजारच्या काकूंच्या कंपाउंडवर आपोआप उगवलेली एक मादी वेल आहे. तिची कोवळी करटुली दरवर्षी पिवळी पडून गळत. माझी नर फुले तोडून, पाकळ्या मागे सारून, संध्याकाळी तिच्या फुलांना टेकवू लागलो, तशी बहुतेक फळे धरली आणि साधारण दोन आठवड्यांत, बिया कोवळ्या असतानाच, तोडण्याजोगी झाली. कांदा, भिजवलेली हरभरा डाळ आणि ओले खोबरे घालून केलेली ती भाजी उत्तमच होती. "वेल आमची" म्हणून काकू निम्म्याहून अधिक फळे ठेवून घेतात, हा हिशेब मला अजून पटलेला नाही.

आता वेली वाळल्या आहेत, पण कंद जमिनीत जिवंत राहून पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतात, त्यामुळे पैसे अगदीच वाया गेले असे म्हणवत नाही. विक्रेता हल्ली म्हणतो, नर कंद खणून आणा, बदलून देतो; मात्र बदली कंद मादीच असेल हे लिहून द्यायला तो तयार नाही, आणि तोवर मी कुदळ हातात घेणार नाही.