टँकबाहेर टांगायचा ब्रीडर बॉक्स: पिल्लांना पुरतो, पण किती दिवस?

माशांची पिल्लं वेगळी वाढवण्यासाठी टँकच्या काचेला बाहेरून अडकवायचा दोन लिटरचा ब्रीडर बॉक्स पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी उत्तम. त्यापुढेही पिल्लं त्यातच ठेवली तर जगतात, पण अंगाने भरत नाहीत.

रचना साधी आहे. एअर पंपची हवा नळीतून टँकचं पाणी वर उचलते, ते बॉक्समध्ये पडतं आणि समोरच्या फटींतून परत टँकमध्ये जातं. त्यामुळे सगळी मदार एअर लाइनवरच्या कंट्रोल व्हॉल्व्हवर. हवा कमी सोडली की पाणी साचतं, विष्ठा आणि उरलेलं खाणं तिथेच कुजतं, बॉक्स गारही पडतो. वाढ खुंटते ती मुख्यतः यामुळे: धड मागे राहतं आणि डोळे अंगाच्या मानाने मोठे दिसू लागतात. उलट हवा जास्त झाली तर पिल्लं फटींना चिकटतात. कणा पक्का होण्याआधी सतत जोराच्या प्रवाहाशी झुंजावं लागलं तर त्याला बाक येऊ शकतो. खाण्याचा बारीक चुरा टाकून बघा. कण संथपणे फटींकडे सरकावेत आणि पिल्लू विशेष धडपड न करता जागेवर टिकावं, इतकीच हवा ठेवा. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) हवाच. वीज गेली की पाणी उलटं पंपात उतरतं.

खरी अडचण फटींची. अगदी बारीक पिल्लं त्यातून निसटतात, म्हणून आतून भरड स्पंजची पट्टी लावा आणि ती रोज पिळून धुवा. तुंबली तर पाणी काठावरून वाहतं आणि पिल्लंही सोबत जातात. दुसरं म्हणजे कोपऱ्यात जमणारा तेलकट तवंग. झेब्रा डॅनिओसारख्या जातींची पिल्लं पृष्ठभागावरची हवा गिळून पहिल्यांदा वाताशय, म्हणजे पाण्यात तरंगत ठेवणारी पोटातली हवेची पिशवी, फुगवतात. तवंग आड आला की ते जमत नाही, मग पिल्लू तळाशीच टणाटण उड्या मारत राहतं. साधा टिश्यू पेपर पाण्यावर अलगद टेकवून उचलला की तवंग निघतो.

बॉक्स उघडाबोडका येतो, तसा वापरू नका. जावा मॉस या पाणवनस्पतीचा झुपका आणि बोराएवढे चार खडे टाका. पिल्लू खड्यामागच्या निवांत पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून थांबतं, कण दिसला की झेपावतं, परत जागेवर येतं. मोकळ्या बॉक्समध्ये हे शिकायला वावच नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तळाशी दगड ठेवून वाढवलेल्या स्टीलहेड ट्राउटच्या पिल्लांचा लहान मेंदू (हालचाल आणि तोल सांभाळणारा मेंदूचा भाग) नेहमीच्या टाकीतल्या पिल्लांपेक्षा मोठा भरला. शरीरही असंच भोवतालाप्रमाणे घडतं: पाइक हा शिकारी मासा असलेल्या पाण्यात क्रुशियन कार्प उंच पाठीचा होतो, तर पर्च काठच्या वनस्पतींत उंच अंगाचा आणि मोकळ्या पाण्यात सडपातळ होतो.

पिल्लू मोठ्या माशांच्या तोंडात मावेनासं झालं तरी थेट त्यांच्यात सोडू नका. हात दिसला की लपायचं सोडून वर यायची सवय त्याला लागलेली असते. आधी तीस-चाळीस लिटरच्या, स्पंज फिल्टरच्या टँकमध्ये हलवा, आणि बॉक्समधला मॉसही सोबत न्या.